अमोनिया काढणारी जैविक गाळणी: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आमच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात दुय्यम क्लॅरिफायरनंतर, म्हणजे जैविक प्रक्रियेनंतर गाळ खाली बसवणाऱ्या टाकीनंतर, प्लॅस्टिकचे माध्यम (जिवाणूंचा थर धरून ठेवणारे तुकडे) भरलेला ट्रिकलिंग फिल्टर केवळ अमोनियासाठी बसवला आहे; त्यात पाणी या तुकड्यांवरून झिरपत खाली येते. पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तो रोज चालवल्यावर माझे मत अनुकूल झाले आहे. मात्र हे यंत्र आपल्या आधीच्या टाक्यांवर आणि पाण्यातील क्षारतेवर (आम्ल शोषून पीएच टिकवण्याच्या क्षमतेवर) किती अवलंबून असते, हे माहितीपत्रकावरून कळत नाही.

सुरुवातीचे काही आठवडे धीर धरावा लागतो. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. त्यातही पहिली पायरी आधी जम धरते, त्यामुळे मधल्या काळात नायट्राइट साचते. याच काळात आमच्याकडे क्लोरीनचा डोस तोच ठेवूनही शिल्लक क्लोरीन दिसेना, कारण एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन सुमारे पाच मिलिग्रॅम क्लोरीन खातो. पुढे नायट्राइट उतरले आणि क्लोरीनची गरज पूर्वीपेक्षाही कमी झाली.

सर्वांत जास्त लक्ष क्षारतेकडे द्यावे लागते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे 7.1 मिलिग्रॅम क्षारता खर्च होते, म्हणजे प्रतिलिटर 30 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनसाठी दोनशेहून अधिक. आमच्या शहराला धरणाचे मृदू पाणी येते, म्हणून सांडपाण्यातही क्षारता बेताचीच असते. क्षारता संपून पीएच घसरू लागला की जिवाणू मंदावतात आणि अमोनियाचा आकडा वर चढतो, आणि फिल्टरमध्ये दोष नसतानाही दोष त्याच्याच माथी मारला जातो. आम्ही सोड्याची मात्रा सुरू केल्यावर आकडा पुन्हा खाली आला. चुना स्वस्त पडतो, पण त्याचा थर माध्यमावर पाणी शिंपडणाऱ्या वितरक बाहूच्या छिद्रांत बसतो, म्हणून मी सोडाच पसंत करतो.

माध्यमाचा एक तुकडा हातात घेतला तर फिल्टरची प्रकृती कळते. निरोगी तुकड्यावर पातळ, तपकिरी, बोटाला किंचित बुळबुळीत लागणारा थर असतो. तो जाड, करडा आणि दुर्गंधीयुक्त झाला असेल, तर क्लॅरिफायरमधून गाळ किंवा बीओडी (ऑक्सिजनच्या गरजेवरून मोजलेली सेंद्रिय घाण) पुढे येत आहे, असे समजावे. अशा वेळी झपाट्याने वाढणारे इतर जिवाणू जागा व ऑक्सिजन बळकावतात. येणाऱ्या पाण्याचा बीओडी प्रतिलिटर वीसेक मिलिग्रॅमच्या आत ठेवणे म्हणूनच फिल्टरच्या देखभालीचाच भाग आहे.

एक त्रास मात्र मला अपेक्षित नव्हता. पाणगोगलगायी माध्यमावरचा तो पातळ थर चरून खातात, त्यांचे शंख पुढे पंपात येतात आणि नियमित साफसफाई करावी लागते. थंडीच्या रात्री काम मंदावते, पण आमच्याकडे ते पूर्ण थांबले नाही.

विजेच्या बाबतीत समाधान आहे. माध्यमातून हवा आपोआप वाहत असल्याने ब्लोअर लागत नाही, फक्त पंपाचा खर्च येतो. मात्र नायट्रोजन यात निघून जात नाही, त्याचे रूप फक्त बदलते. नायट्रेटही काढायचे असल्यास ऑक्सिजनविरहित टाकीचा टप्पा आणि तेथवर पाण्याचा पुनर्प्रवाह लागतो. तलावात पाणी सोडणाऱ्या शहरांनी त्याची जागा आराखड्यातच राखून ठेवावी.