सी++ चे टेम्प्लेट क्लास: आठ महिने वापरल्यावर

आमच्या कोडमध्ये तीन रिंग बफर (भरल्यावर सर्वात जुन्या नोंदीवर नवी लिहिणारे ठरावीक आकाराचे साठे) नांदत होते. एक सेन्सरच्या आकड्यांचा, एक लॉगच्या स्ट्रिंगचा, एक चालू-बंद नोंदींचा. एकातला बग काढला की उरलेल्या दोघांत तो तसाच. शेवटी वैतागून तिन्हींचा मिळून एकच टेम्प्लेट क्लास लिहिला, म्हणजे डेटाचा टाइप (प्रकार) मोकळा सोडून एकदाच लिहिलेला साचा.

पहिल्याच दिवशी ठेच लागली. सवयीने फंक्शनं वेगळ्या सीपीपी फाइलमध्ये लिहिली आणि लिंकर (कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा) 'अनडिफाइन्ड रेफरन्स', म्हणजे फंक्शन सापडत नाही, म्हणत बसला. टाइप कळल्याशिवाय कंपाइलर टेम्प्लेटचा कोड बनवतच नाही, आणि त्या फाइलला टाइप सांगणारं कोणी नव्हतं. मग सगळं हेडरमध्ये, म्हणजे इतर फाइली आत ओढून घेतात त्या फाइलमध्ये. आता हेडरला बोट लावलं की अर्धा प्रोजेक्ट पुन्हा बिल्ड होतो. तेवढ्यात चहा पिऊन होतो.

बफरच्या आत आधी व्हेक्टर (सी++ ची वाढणारी यादी) होता. आकडे, स्ट्रिंग सुरळीत. बूल, म्हणजे चालू-बंद नोंद, आला आणि अडलं. व्हेक्टरमध्ये बूल एकेका बिटात कोंबलेले असतात, त्यामुळे एकेका बूलचा खरा रेफरन्स (थेट त्या जागेकडे बोट) मिळतच नाही. म्हणून व्हेक्टर काढून साधा अ‍ॅरे घेतला, आणि बफरचा आकारही टेम्प्लेट पॅरामीटर केला. हीपची, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागून घ्यायची, कटकट गेली.

सगळ्यात मोठा आकडा शोधणारं फंक्शनही त्यात होतं. पाचव्या महिन्यात एका सहकाऱ्याने ते स्वतःच्या स्ट्रक्टवर (स्वतः बनवलेल्या टाइपवर) वापरलं, आणि स्क्रीनभर एरर. त्या स्ट्रक्टला 'लहान-मोठं' हा ऑपरेटरच नव्हता. बफर मात्र तोवर बिनतक्रार चालत होता, कारण टेम्प्लेट क्लासचं जे फंक्शन वापरलं जातं तेवढंच बनतं. तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, बरंच आहे की. तुलना न होणाऱ्या वस्तूही बफरमध्ये ठेवता येतात. मग सी++२० मधले कॉन्सेप्ट (टाइपवर अट घालायची सोय) वापरून त्या फंक्शनवर 'टोटली ऑर्डर्ड'ची, म्हणजे टाइपची तुलना करता आलीच पाहिजे अशी, अट घातली. आता एरर थेट वापरणाऱ्याच्या ओळीवर येतो, माझ्या हेडरच्या पोटात नाही.

आकार पॅरामीटर केल्याची किंमत मात्र उशिरा कळली. ६४ चा बफर आणि १२८ चा बफर हे दोन वेगळे टाइप, म्हणून कोडही दोनदा. बायनरी (तयार प्रोग्रॅमची फाइल) फुगायला लागली तेव्हा आकाराशी संबंध नसलेला भाग बेस क्लासमध्ये, म्हणजे बफर ज्यावर उभा आहे त्या सामायिक क्लासमध्ये, हलवला. तोही टेम्प्लेटच, त्यामुळे बफरमधून त्यातला कुठलाही मेंबर वापरताना मी आधी 'धिस' लिहितो, नाहीतर कंपाइलरला तो सापडत नाही. हे का, ते नव्याने आलेल्या मुलीला समजावताना माझा चहा पार गार झाला.