सुपर निंटेंडो घ्यावा की मेगा ड्राइव्ह?

१६-बिट जमान्यातला, म्हणजे १९९० च्या आसपासचा, टीव्हीला जोडायचा एकच गेम कन्सोल घ्यायचा असं ठरवलंत, की फिरून फिरून हीच दोन नावं समोर येतात. त्याच काळातल्या पीसी इंजिन या तिसऱ्या कन्सोलचे चाहते यावर नाक मुरडतील. त्यांचा राग मला मान्य आहे, पण पहिलाच जुना कन्सोल घेणाऱ्याला मी तिकडे पाठवणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गेम्सचा साठा पाहिला तर सुपर निंटेंडो सरस आहे. तरीही मला विचारणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना मी मेगा ड्राइव्ह सुचवतो, कारण नोकरी-संसारातून वेळ काढून खेळणाऱ्या माणसाच्या हातून तोच जास्त वेळा सुरू होतो.

सेगाचा मेगा ड्राइव्ह जपानात ऑक्टोबर १९८८ मध्ये आला. अमेरिकेत त्याचं नाव जेनेसिस. निंटेंडोचा सुपर फॅमिकॉम, म्हणजे बाहेरच्या जगाचा सुपर निंटेंडो, नोव्हेंबर १९९० मध्ये आला. सेगाचा मुख्य धंदा तेव्हा आर्केडचा, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या यंत्रांचा होता, आणि मेगा ड्राइव्हची मांडणीही आर्केड यंत्रांवरूनच बेतलेली आहे: ७.६७ मेगाहर्ट्झवर धावणारा मोटोरोला ६८००० हा मुख्य प्रोसेसर आणि जोडीला झेड८० हा दुसरा. निंटेंडोने प्रोसेसरवर काटकसर केली आणि चित्र व आवाज यांच्या चिप्सवर हात सैल सोडला. त्यांचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा, आणि कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेम असलेल्या डबीत, स्वस्त, संथ मेमरी असली तर २.६८ वर उतरणारा.

या आकड्यांवरून 'सेगा दुप्पट वेगवान' असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. तो हिशोब चुकीचा आहे. ६८००० ला एकेका सूचनेसाठी जास्त चक्रं (प्रोसेसरचे ठोके) लागतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक आकड्यांएवढा मोठा नाही. पण फरक आहे आणि तो हाताला जाणवतो. सुपर निंटेंडोवर 'ग्रॅडियस ३' किंवा 'सुपर आर-टाइप' लावा. पडद्यावर गोळ्यांची गर्दी झाली की सगळा खेळ पाण्यातून चालल्यासारखा मंदावतो. मेगा ड्राइव्हवरची 'थंडर फोर्स ४' कधीमधी अडखळते, पण एकंदरीत सुसाट जाते. विमानं उडवून गोळीबार करायच्या गेम्ससाठीच तुम्हाला जुना कन्सोल हवा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. सेगा घ्या.

रंगांच्या बाबतीत पारडं उलटतं. सुपर निंटेंडो ३२,७६८ रंगांतून एका वेळी २५६ दाखवू शकतो, मेगा ड्राइव्ह ५१२ मधून ६१. म्हणून सेगाच्या गेम्समध्ये आकाश पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं आणि माणसांच्या चेहऱ्यांवर रंग कमी पडतो. निंटेंडोच्या यंत्रात पारदर्शकपणा आहे, आणि 'मोड ७' नावाची सोयही आहे, जिच्यात सपाट चित्र फिरवून, मोठं-छोटं करून लांबवर पसरलेल्या जमिनीचा भास करता येतो. 'एफ-झीरो'चे रस्ते त्यातूनच तयार झाले. मेगा ड्राइव्हची एक बाजू मात्र सहसा कुणी सांगत नाही: त्याचं चित्र बहुतेक वेळा ३२० ठिपके रुंद असतं, निंटेंडोचं २५६. तेवढी जागा जास्त मिळाल्याने 'सोनिक'मध्ये समोरून येणारा धोका थोडा लवकर दिसतो, आणि त्या वेगात ते फार कामाचं ठरतं.

आवाजावर थोडं थांबायला हवं, कारण इथे दोन्ही यंत्रं खरोखरच दोन वेगळ्या वाटांनी गेली. मेगा ड्राइव्हमध्ये यामाहाची एफएम चिप आहे. ती स्वर जागच्या जागी गणिताने घडवते, त्यामुळे आवाज धातूसारखा, कडक, खालच्या पट्टीत घुमणारा येतो. सुपर निंटेंडोची ध्वनिचिप सोनीची. तिच्यावर काम करणारे केन कुतारागी पुढे प्लेस्टेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. ती खऱ्या वाद्यांचे छोटे नमुने वाजवते, एका वेळी आठ. अडचण अशी की त्या नमुन्यांना जागा फक्त ६४ किलोबाइटची, म्हणून ते दाबून, कापून बसवावे लागत आणि आवाजावर एक मऊ, किंचित दबलेला थर येई.

सर्वसाधारण समज असा की निंटेंडोचा आवाज 'चांगला' आणि सेगाचा 'खरखरीत'. हा समज मुख्यतः एफएम चिपचा हात न बसलेल्या संगीतकारांमुळे पसरला. माणसाच्या आवाजाबद्दल म्हणाल तर तक्रार खरी आहे. मेगा ड्राइव्हवरच्या 'स्ट्रीट फायटर २'मधले योद्धे घसा बसल्यासारखे ओरडतात. पण युझो कोशिरो यांनी 'स्ट्रीट्स ऑफ रेज २'साठी त्याच चिपमधून जे क्लबचं संगीत काढलं, ते निंटेंडोच्या चिपला तसं जमलं नसतं. उलट 'क्रोनो ट्रिगर'मधली बासरी आणि तारवाद्यं सेगावर कल्पूनही बघवत नाहीत. धडधडणारा ताल आवडणाऱ्यांनी सेगाकडे जावं, गुणगुणता येईल अशा चाली हव्या असतील त्यांनी निंटेंडोकडे.

कंट्रोलरमध्ये निंटेंडो निर्विवाद पुढे. समोर चार बटणं, वर दोन बोटांशी दोन. आजच्या प्रत्येक कंट्रोलरचा आराखडा इथूनच आला. सेगाचा मूळचा कंट्रोलर तीन बटणांचा. १९९३ मध्ये 'स्ट्रीट फायटर २' तिकडे आली, तेव्हा या कंट्रोलरवर बुक्की आणि लाथ यांत अदलाबदल करायला स्टार्ट बटण दाबावं लागे. भर मारामारीत हे करून पाहा! त्याच वर्षी सेगाने सहा बटणांचा कंट्रोलर काढला आणि तो अप्रतिम आहे, समोरासमोरच्या मारामारीसाठी निंटेंडोपेक्षाही बरा. मेगा ड्राइव्ह घेताना सहा बटणांचाच मागा.

एकच नाव, दोन गेम्स

तुलनेसाठी सर्वांत चांगला पुरावा म्हणजे दोन्हीकडे निघालेल्या एकाच नावाच्या गेम्स. १९९३ ची 'अलादीन' घ्या. मेगा ड्राइव्हवरची व्हर्जिनने केली. तिच्यात डिस्नेच्या चित्रकारांनी हाताने काढलेली हालचाल आहे, हातात तलवार आहे, सगळं लवचीक आणि चटपटीत. सुपर निंटेंडोवरची कॅपकॉमची. पुढे 'रेसिडेंट ईव्हिल' करणारे शिन्जी मिकामी तिच्यामागे होते. तिच्यात तलवार नाही, शत्रूंच्या डोक्यावर उड्या मारत कसरती करायच्या. मिकामींनी स्वतःच नंतर सेगाच्या आवृत्तीला झुकतं माप दिलं. मला मात्र खेळ म्हणून कॅपकॉमची जास्त घट्ट वाटते. सेगाची बघायला सुंदर, पण तिच्यात उडी कुठे संपते याचा अंदाज नीट येत नाही.

'कॉन्ट्रा'चंही तसंच. निंटेंडोवरची 'कॉन्ट्रा ३' १९९२ ची, भव्य प्रसंगांची. सेगावरची 'हार्ड कोर' १९९४ ची, जास्त रानटी, चार वेगवेगळे नायक आणि फुटत जाणाऱ्या वाटा असलेली. मी 'हार्ड कोर' निवडेन, पण जपानी आवृत्ती. तिच्यात तीन फटके सोसता येतात. बाहेर पाठवताना ते काढून एका फटक्यात मरण ठेवलं गेलं.

'मॉर्टल कॉम्बॅट'चा किस्सा सर्वांना ठाऊक असतो: निंटेंडोने रक्ताऐवजी राखाडी घाम दाखवला, सेगाने एक गुप्त कोड टाकला की रक्त येईल अशी सोय ठेवली. आज निवड करताना याला काही किंमत नाही.

फक्त एकाच घरी असलेल्या गेम्स पाहिल्या की निंटेंडोचं पारडं जड होतं. 'अ लिंक टू द पास्ट', 'सुपर मेट्रॉइड', 'फायनल फँटसी ६', 'क्रोनो ट्रिगर', 'योशीज आयलंड'. यांतली कुठलीही आज काढली तरी जुनी वाटते ती फक्त चित्रांनी, रचनेने नाही. सेगाकडे 'फँटसी स्टार ४' आहे आणि ती छान आहे, पण या रांगेत ती एकटी पडते. सेगाची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे: 'गनस्टार हीरोज', 'शिनोबी ३', 'स्ट्रीट्स ऑफ रेज २', 'सोनिक'चे भाग, आणि दोघांनी मिळून खेळायच्या मैदानी खेळांच्या गेम्स.

आता दोन्ही याद्या पुन्हा बघा. निंटेंडोची यादी आठवडे मागते. 'क्रोनो ट्रिगर' वीस तासांच्या आसपास जाते. 'फायनल फँटसी ६' त्याहून लांब, आणि मध्ये दहा दिवस खंड पडला तर पुढे कुठे जायचं होतं हेच विसरायला होतं. सेगाच्या यादीतल्या बहुतेक गेम्स तासाभरात संपतात, निदान संपवण्याइतकी तयारी झाली की. गेम सेव्ह करायचा प्रश्नच नाही. सुरू करा, हरा, बंद करा. रात्री जेवण उरकून अर्धा तास मिळणाऱ्या माणसाला हा फरक प्रोसेसर आणि रंग यांच्यापेक्षा शंभरपट मोठा आहे. शनिवार-रविवार मोकळे असतील, वाचत खेळायची आवड असेल, तर माझा सगळा युक्तिवाद तुमच्यासाठी उलटा लागू होतो.

लहान मुलांबरोबर खेळायचं असेल तर निंटेंडो. 'सुपर मारिओ कार्ट'मध्ये पडदा दुभागून दोघांना लगेच बसता येतं, आणि 'मारिओ वर्ल्ड' चुका पोटात घालते. सेगाच्या गेम्स आर्केडच्या मुशीतल्या आहेत. तिथे नवख्याला चटकन बाहेर काढणं हाच मूळ धंदा होता.

मूळ यंत्र, मिनी की नवी नक्कल

मूळ कन्सोलच्या मोहात पडण्यापूर्वी तुमचा टीव्ही बघा. ही यंत्रं जुन्या काचेच्या टीव्हीसाठी बनली होती. आजच्या सपाट टीव्हीला पिवळी वायर लावली तर चित्र धुरकट दिसतं, आणि टीव्ही ते आतल्या आत मोठं करण्यात वेळ घालवतो, म्हणजे बटण दाबल्यावर उडी उशिरा. आरजीबी केबल (रंग वेगवेगळे नेणारी) आणि चांगला अपस्केलर (चित्र नव्या टीव्हीसाठी झटपट मोठं करणारी पेटी) लावून हे सुटतं, पण तो वेगळा खर्च आणि वेगळा नाद. शिवाय चित्र अती स्वच्छ झालं की सेगाचं पितळ उघडं पडतं. 'सोनिक'मधला धबधबा उभ्या रेघांचा आहे. जुन्या टीव्हीवर त्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक भासायचं, नव्यावर नुसत्या रेघा दिसतात.

वापरलेलं यंत्र घेताना काही गोष्टी विचाराच. युरोपातल्या ५० हर्ट्झच्या कन्सोलवर बऱ्याच गेम्स सुमारे एक-षष्ठांश सावकाश चालतात आणि वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. ६० हर्ट्झचा घ्या. मेगा ड्राइव्हचं पहिलं मॉडेल, पुढे हेडफोनचं भोक आणि आवाजाची सरकपट्टी असलेलं, आवाजासाठी शक्यतो तेच. दुसऱ्या मॉडेलच्या काही बोर्डांवर आवाज गढूळ येतो. सुपर निंटेंडोचं प्लास्टिक पिवळं पडतं. ते दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. खरी मेख कार्ट्रिजमध्ये आहे. 'झेल्डा', 'मेट्रॉइड', 'क्रोनो ट्रिगर' तुमची प्रगती एका बॅटरीच्या जोरावर लक्षात ठेवतात, ती बॅटरी डाग देऊन बसवलेली असते आणि तीस वर्षांनंतर तिचा भरवसा नाही. सेगाच्या 'सोनिक ३'मध्ये बॅटरीशिवाय टिकणारी मेमरी आहे, आणि सेगाच्या बाकीच्या बऱ्याच गेम्सना सेव्ह करायचंच नसतं. लांब गेम्सचा कन्सोल घेणाऱ्याने सोल्डरिंग येणारा माणूस ओळखीचा ठेवावा.

हे सगळं नको असेल तर मिनी कन्सोल आहेत. निंटेंडोचा २०१७ चा, २१ गेम्सचा. सेगाचा २०१९ चा, ४२ गेम्सचा. दोन्ही उत्तम जमलेत आणि कुठेही थांबून प्रगती साठवता येते, त्यामुळे वर सांगितलेला वेळेचा प्रश्न निंटेंडोसाठी बराचसा सुटतो. मात्र निंटेंडोच्या मिनीत 'क्रोनो ट्रिगर' नाही, आणि सेगाच्या मिनीच्या अमेरिका-युरोपातल्या आवृत्तीबरोबर पुन्हा तीन बटणांचेच कंट्रोलर दिलेत. ही काटकसर मला आजही कळलेली नाही.

जुनी कार्ट्रिजं आहेत पण जुना टीव्ही नाही, त्यांच्यासाठी एफपीजीएवरची, म्हणजे दुसऱ्या चिपसारखी जुळवता येणाऱ्या चिपवरची यंत्रं. अ‍ॅनालॉग कंपनीचे सुपर एनटी आणि मेगा एसजी मूळ चिप्सचं वागणं हार्डवेअरमध्येच उभं करतात आणि थेट एचडीएमआयवर चित्र देतात. मिस्टर हा खुला प्रकल्प एकाच बोर्डावर दोन्ही कन्सोल चालवतो. थोडी खटपट करायची तयारी असेल तर मी तेच घेईन. मग 'हा की तो' हा प्रश्नच उरत नाही.

सेगाची जोडयंत्रं, मेगा सीडी आणि ३२एक्स, कुणी सोबत देऊ केली तरी पहिल्या खरेदीत नको. प्रत्येकाला वेगळा वीज-अडॅप्टर लागतो, आणि ३२एक्सवर खेळण्यासारखं फार थोडं आहे. ते पैसे मेगा ड्राइव्ह घेणाऱ्याने सहा बटणांच्या दुसऱ्या कंट्रोलरला द्यावेत, सुपर निंटेंडो घेणाऱ्याने 'सुपर मेट्रॉइड'ला. ती आठ-दहा तासांची आहे आणि लांब गेम्सची सवय नसलेल्यालाही पेलते.