शिवालिक की नीलगिरी? मॉडेल करायचं तर कोणत्या फ्रिगेटचं

एनसीसीच्या नेव्हल विंगमधली पोरं असोत नाहीतर विज्ञान प्रदर्शनाच्या नावाखाली आईबापाला कामाला लावणारी शाळेतली पोरं असोत, हल्ली मला एकच प्रश्न येऊन राहिला आहे, भाऊ, स्वदेशी फ्रिगेटचंच, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेचंच, मॉडेल करायचं ठरलं, पण शिवालिक क्लास (एकाच आराखड्याच्या जहाजांचा गट) घेऊ की नवीन नीलगिरी? दोन्ही मी सनबोर्डात, म्हणजे हलक्या फोमच्या शीटमध्ये, करून बसलो आहे, १:२०० स्केलला, म्हणजे दोन मीटरला एक सेंटीमीटर, हिशोबाला सोपं. जे मला वाटलं ते सांगतो. तुमचा हात माझ्यापेक्षा साफ असेल तर तुमचं उत्तर उलटंही येऊ शकते.

साइज बघून ठरवायच्या भानगडीत पडू नका. शिवालिक १४२.५ मीटर, नीलगिरी १४९, टेबलावर जेमतेम तीन सेंटीमीटरचा फरक. पोटातलं यंत्रही जवळपास तेच, दोन डिझेल आणि दोन एलएम-२५०० गॅस टर्बाइन, आणि तसंही मॉडेलमध्ये पोट उघडून कोण बघते.

फरक आहे तो पंधरा वर्षांचा. शिवालिक नौदलात आली एप्रिल २०१० मध्ये, नीलगिरी जानेवारी २०२५ मध्ये. शिवालिकला स्टेल्थ, म्हणजे रडारला कमी दिसणारी, म्हणतात, आणि आहेच, आपल्याकडे बांधलेली त्या जातीची पहिली, तरी तिच्या डेकवर बघण्यासारखं बरंच काही उघड्यावर आहे. समोर ७६ मिमीची तोफ, मग श्टिल या विमानविरोधी मिसाइलचं एका हाताचं लाँचर, मग पाणबुडीवर मारा करणाऱ्या आरबीयू-६००० रॉकेट लाँचरची जोडी, वर मास्टवर फ्रेगाट रडारचे पाठीला पाठ लावलेले दोन अँटेना. श्टिलचं लाँचर तर पोरांना फार आवडते, कारण खालच्या मॅगझिनमध्ये २४ मिसाइल आणि त्यातलं एकेक वर येऊन त्या हातावर बसते, तिथं एक टाचणी घातली की हात खरोखर वरखाली होते आणि प्रदर्शनात सगळे तेच हलवून बघतात.

नीलगिरीत ही सगळी गंमत झाकणाखाली गेली. बराक-८ या विमानविरोधी मिसाइलचे ३२ खाने डेकच्या आत, वरून नुसते चौकोन दिसतात. एमएफ-स्टार रडार फिरत नाही, मास्टच्या चार बाजूंना त्याचे चार पॅनल बसवलेले असतात. दोर बांधायचा मूरिंग डेकसुद्धा बंद केलेला. समुद्रावर हे सगळं तिच्या फायद्याचंच आहे, रडारला जितकं कमी दिसेल तितकं बरं, युद्धनौका म्हणून नीलगिरी पुढचीच आहे याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टेबलावर ठेवली की बघणारा पाच मिनिटात विचारते, यावर मिसाइल कुठं आहे? मग तुम्ही झाकणं दाखवत बसा.

बरं तेही चाललं असतं, माझं खरं डोकं फिरलं ते तिच्या बाजूच्या भिंतीनं. नीलगिरीचा हल, म्हणजे जहाजाचं खालचं मुख्य धड, आणि वरचं बांधकाम बाजूनं बघितलं तर मधे फारसं काही आडवं येत नाही, लांबच लांब सपाट पत्रा, आणि ७४ सेंटीमीटर लांबीची ती सपाट भिंत सनबोर्डात काढायची म्हणजे काय ते आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात करून बघा. माझं काम चालते वरच्या खोलीत, वर टिन, बाहेर ४५ डिग्री. पट्टी सकाळी फूटपट्टी लावून सरळ चिकटवायची, दुपारी ती गरमीनं वाढणार, दोन्ही टोकं फेव्हिक्विकनं पक्की असल्यामुळे तिला जायला जागा नाही, मग मधून पोट काढते. संध्याकाळी समोरून बघितलं तर काही कळत नाही. पण एका टोकाला डोळा लावून ट्यूबलाइटच्या उजेडात बघा, लाट न लाट दिसते. एनसी पुट्टी मारा, पॉलिश पेपर घासा, प्रायमर मारा, परत बघा, लाट दोन बोटं पुढं सरकलेली. आणि वरून रंग एकसारखा करडा, त्यात काहीच लपत नाही. कूलर लावला तर खोली थंड होते पण हवा ओलसर होते आणि प्रायमर वाळता वाळत नाही, म्हणजे तिकडूनही मार. घरातले म्हणायचे चांगली तर दिसून राहिली, पण एकदा ती लाट दिसली की दुसरं काही दिसतच नाही.

शिवालिकच्या बाजूही तिरप्याच आहेत, ते काम तिथंही आहे, पण नजर भिंतीवर टिकत नाही, ती आपली तोफेवर, लाँचरवर, मास्टवर फिरत राहते. थोडं इकडंतिकडं झालं तरी खपून जाते. तिचा त्रास वेगळा, बारीक वस्तू फार. तोफेची नळी स्केलला जेमतेम अडीच सेंटीमीटर भरते, मी इंजेक्शनची सुई टोक कापून लावली. रेलिंगला कूलरच्या जळालेल्या मोटारमधली तांब्याची तार. आणि फ्रेगाटचे अँटेना धूळ पुसताना हमखास तुटतात, आपल्याकडची धूळ तर तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे फडकं अजिबात नाही, मऊ ब्रश. पण तुटलं तर अर्ध्या तासात नवीन बसते, भिंत परत करायची म्हणजे अर्धं जहाज उकलणं.

फोटोंचंही बघा. शिवालिक क्लासची जहाजं इतकी वर्षं देशोदेशीच्या सरावांना जाऊन आली, त्यातली सातपुडा २०१६ आणि २०२२ च्या रिमपॅकला, म्हणजे हवाईजवळच्या बहुदेशीय नौदल सरावाला, होती, ऑगस्ट २०२२ मध्ये तर सॅन दिएगोपर्यंत गेली. त्यामुळे वरून, मागून, हेलिकॉप्टर डेकवरून, पाहिजे त्या कोनातले फोटो मिळतात. नीलगिरीचे त्या मानानं कमी, बहुतेक कार्यक्रमातले आणि एकाच बाजूचे. शिवाय सर्च केलं की १९७२ ची जुनी, लिअँडर या ब्रिटिश आराखड्याची नीलगिरी मधे येते. नीलगिरी क्लासमधल्या बाकीच्या उदयगिरी, हिमगिरी, तारागिरी, सगळ्यांचं तेच, नावं जुन्याच जहाजांची आहेत. क्लासच्या सात जहाजांपैकी एकटी महेंद्रगिरी नवीन नावाची. पोरानं चुकून जुन्या जहाजाचा मास्ट नवीनवर बसवला तर परीक्षक सोडणार नाही.

तर मला विचाराल तर शिवालिक क्लासच, आणि त्यातही सातपुडा, जहाजावरचा नंबर एफ ४८. आपल्या पेंचकडच्या डोंगराचं नाव जहाजावर आहे आणि आपण दुसरंच कोणतं करायचं हे मला जरा पटत नाही, बाकी ज्याची त्याची आवड.

नीलगिरीच करायची असेल तर नाही म्हणत नाही, नवीन आहे, प्रदर्शनात नावाला वजन येते, आणि बारीक कामाचा कंटाळा असेल तर तीच बरी पडेल. फक्त दिवाळीनंतर हात घाला, होळीच्या आत रंग मारून मोकळे व्हा. भिंतीला आतून दर तीन सेंटीमीटरवर आडवा आधार द्या, आणि बाजूची पट्टी सलग न घेता तीन तुकड्यांत घेऊन सांध्यात केसभर जागा सोडा, ती शेवटी पुट्टीनं भरता येते.