ग्योंगजू की गोर्योंग? प्राचीन कोरियाचा समाज थडग्यांतून वाचायचा असेल तर

कोरियात प्राचीन थडगी पाहायला कुठे जावं, असं विचारलं की बहुतेक जण ग्योंगजूचं नाव घेतात. ते रास्तही आहे. सिल्ला राज्याची राजधानी, गावाच्या मधोमध हिरवीगार टेकाडं, आणि त्यांतून निघालेले सोन्याचे मुकुट. पण त्या काळी कोण कुणाच्या वर होतं, एका माणसाची सत्ता किती जणांवर चालायची, छोट्या छोट्या सरदारक्यांतून राज्य कसं उभं राहिलं, हे समजून घ्यायचं असेल आणि हाताशी वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर गोर्योंगचाही विचार करा, असं मी सुचवेन. देगू शहरापासून जवळच असलेलं हे लहान गाव एकेकाळी देगाया राज्याची राजधानी होतं. दोन्ही ठिकाणं मी पाहिली आहेत, आणि माझा कल कुठे आहे ते पुढे वाचताना कळेलच.

बाकीचे पर्याय मी आधी का बाजूला ठेवले, ते थोडक्यात सांगतो.

गोचांगचे डॉल्मेन, म्हणजे प्रचंड शिळा रचून केलेली थडगी, पाहण्यासारखे आहेत. एका टेकडीच्या पायथ्याशी चारशेहून जास्त. नागपूरजवळ जुनापाणीची शिलावर्तुळं ज्यांनी पाहिली असतील त्यांना तिथे लगेच आपलेपणा वाटेल, तपशील वेगळे असले तरी. एवढाल्या शिळा हलवायला शेकडो हात लागले असणार, म्हणजे ते हात गोळा करू शकणारा कुणीतरी होता, असा एक युक्तिवाद नेहमी होतो. पण मग इतक्या संख्येने डॉल्मेन कसे? प्रत्येकाखाली सरदारच पुरला असेल हे पटत नाही. काही ठिकाणी तर ते सगळ्या वस्तीचं सामाईक काम वाटतं. इ.स.पू. पहिल्या सहस्रकातल्या समाजाबद्दल कुतूहल असेल तर जरूर जा, फक्त राज्यसंस्थेची गोष्ट तिथे अजून सुरू झालेली नाही.

गोंगजूला (हे ग्योंगजू नव्हे, वेगळं शहर) बेकजे या दुसऱ्या प्राचीन राज्याचा राजा मुर्योंग याचं थडगं १९७१ मध्ये पाण्याचा निचरा करायला चर खणताना सापडलं, तेही चोरांचा हात न लागलेलं. आत कोरीव शिलालेख होता, त्यामुळे राजाचं नाव, वय ६२, मृत्यू इ.स. ५२३, दफन ५२५, सगळं पक्कं कळतं. विटांची खोली चीनच्या दक्षिणेकडच्या लिआंग दरबाराच्या धाटणीची आहे, आणि शवपेट्यांचं लाकूड जपानात वाढणाऱ्या झाडाचं. बेकजेचे परराष्ट्रसंबंध समजायला याहून चांगली जागा नाही. पण राजा आणि राणी यांच्यापलीकडे तिथे कुणी दिसत नाही, आणि मूळ खोली जनतेसाठी बंद आहे. प्रतिकृती पाहावी लागते.

गिम्हेला बरेच भारतीय जातात ते अयोध्येहून आली असं मानल्या जाणाऱ्या राणी हो ह्वांग-ओकच्या समाधीसाठी. ती कथा १३व्या शतकात लिहिलेल्या ग्रंथातली आहे. श्रद्धेने जावं, पण समाजरचनेबद्दल त्याच शहरातली देसोंग-दोंगची थडगी कितीतरी जास्त बोलतात. तिथे लोखंडी चिलखतं आहेत, जपानी बेटांवरून आलेले काशाचे अलंकार आहेत, आणि मालकासोबत पुरलेली माणसंही.

आता मुख्य तुलना.

ग्योंगजूची बाजू भक्कम आहे. ह्वांगनामदेचोंग हे तिथलं सर्वांत मोठं टेकाड. खरं तर दोन टेकाडं एकमेकांना चिकटलेली आहेत, उत्तर-दक्षिण लांबी १२० मीटर. उत्खनन १९७३ ते १९७५ मध्ये झालं. दक्षिणेच्या भागात पुरुष, उत्तरेच्या भागात स्त्री. ती स्त्री आहे हे ठरवायला चांदीच्या कमरपट्ट्याच्या टोकावरची अक्षरं कामी आली, कारण हा पट्टा बाईंचा असल्याचं त्यांत लिहिलं होतं. सोन्याचा मुकुट मिळाला तो तिच्याकडे. पुरुषाकडे शस्त्रांचा ढीग होता, पण मुकुट मात्र चांदीचे आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या धातूचे. या एका गोष्टीवर मी फार विचार केला आहे. मुकुट म्हणजे सिंहासन, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं समीकरण इथे डळमळतं. मुकुट कुळाच्या मानाचा असेल, धार्मिक अधिकाराचा असेल, पण "ज्याच्याकडे सोनं तो राजा" इतकं ते सरळ नसावं. सिल्लात पुढे ६३२ मध्ये सोनदोक ही स्त्री गादीवर बसली. मधली दीडेकशे वर्षं ओलांडून थेट दुवा जोडणं धाडसाचं ठरेल, तरी त्या मुकुटासमोर उभं राहिल्यावर तिची आठवण येते.

दुसरा मोठा पुरावा ग्योंगजूच्या बाहेर सापडतो, पण त्याचा अर्थ ग्योंगजूतच लागतो. राजधानीतल्या वरच्या थरात सोन्याचे मुकुट. आसपासच्या ग्योंगसान, देगू, उइसोंग अशा भागांतल्या स्थानिक बड्या लोकांच्या थडग्यांत त्याच घडणीचे, पण मुलामा दिलेल्या धातूचे. कर्णभूषणं आणि कमरपट्टेही तसेच, प्रतवारीने. म्हणजे राजधानीने जिंकलेल्या किंवा वळवलेल्या सरदारांना त्यांच्या जागी राहू दिलं आणि दर्जा ठरवून देणाऱ्या वस्तू आपल्याकडून दिल्या. अधिकारी नेमण्याआधीचा राज्यकारभार असा चालत होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं.

सत्ता एकाच हातात होती का, याबद्दलही ग्योंगजू रंजक आहे. १९२१ मध्ये घराच्या बांधकामात अचानक सापडलेल्या सुवर्णमुकुट थडग्यातली तलवार २०१३ मध्ये साफ करताना तिच्यावर "इसाजी राजा" अशी अक्षरं निघाली. राजांच्या परंपरागत यादीत हे नावच नाही. पोहांगजवळ सापडलेला ५०३ सालचा शिलालेख तर "हे सात राजे" असा एकत्र उल्लेख करतो. सिल्लाचा राजा त्या काळी बड्या कुळप्रमुखांपैकी पहिला होता, एकटा नव्हता, असं यावरून दिसतं.

एवढं सगळं असताना माझा कल तिकडे का नाही?

कारण हे सगळं मला ग्योंगजूत वाचायला मिळालं, दिसलं नाही. देरुंगवॉन उद्यानात शिरलं की टेकाडांमधून वळणारी वाट, कापलेलं गवत, झाडांच्या सावल्या. फार देखणं आहे. पण मी शोधत होतो लहान थडगी. राजाचं टेकाड किती मोठं हे कळायला त्याच्या शेजारी सामान्य सरदाराचं, त्याच्या शेजारी त्याच्या माणसाचं थडगं हवं ना? ते तिथे आहेत, पायाखाली. ७०च्या दशकात उद्यान घडवताना खणलेली, पण वर टेकाड पुन्हा न उभारलेली कितीतरी थडगी हिरवळीखाली सपाट झाली आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी टेकाडांना दिलेले जे क्रमांक आजही चालतात, ते १५५ पर्यंतच जातात, कारण वर दिसत होती तेवढीच मोजली गेली. चॉनमाचोंग हा तो १५५वा. ९८ क्रमांकाचं, म्हणजेच ह्वांगनामदेचोंग, खणण्याआधी सराव म्हणून ते १९७३ मध्ये उघडलं आणि त्यातच सोन्याचा मुकुट निघाला. आज आत जाता येतं ते तिथेच, आणि आत काय? एक शवपेटी, भोवती दगडांचा थर, एक माणूस. बाहेर आलो की पुन्हा मोठी टेकाडं आणि मोकळी हिरवळ. मी पाटी पाहिली, नकाशा पाहिला, उद्यानाच्या कडेने फिरलो. समाजाची उतरंड डोळ्यांना दिसेल अशी एक जागा मला त्या उद्यानात सापडली नाही. वरची पायरी तेवढी आहे, खालच्या सगळ्या पुसल्या गेल्या आहेत. ज्याला सोनं पाहायचं आहे त्याला याचा त्रास होणार नाही. मला झाला, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

गोर्योंगला जिसान-दोंगची थडगी गावामागच्या जुसान डोंगराच्या सोंडेवर आहेत. टेकाड शिल्लक असलेली अशी सातशेवर. माथ्यावर धारेने मोठी, उतारावर मध्यम, आणि त्यांच्यामध्ये, खाली, बाजूला लहान लहान उंचवटे, काही तर गुडघ्याएवढे. चढताना आपण अक्षरशः खालच्या माणसांपासून वरच्या माणसांकडे जात असतो. अगदी माथ्यावरून खाली पाहिलं की राजधानीचं गाव पायाशी. जिवंत लोकांनी रोज मान वर करून पूर्वजांकडे पाहावं, अशी ती योजना आहे. हे कुठलीही पाटी न वाचता कळतं.

आणि मग ४४ क्रमांकाचं थडगं. उत्खनन १९७७ मध्ये झालं. मधोमध मालकासाठी मोठी दगडी खोली, तिच्याजवळ आणखी दोन मोठ्या खोल्या, आणि त्यांच्याभोवती ३२ छोट्या दगडी पेट्यांसारखी दफनं. राजासोबत मारून पुरलेली तीसहून जास्त माणसं. देसोंग-दोंगला किंवा ह्वांगनामदेचोंगला सोबत पुरलेली माणसं मालकाच्या खोलीत, त्याच्या सामानात मिसळून जातात. इथे प्रत्येकाला वेगळी जागा आहे. कुणाजवळ कानातलं, कुणाजवळ हत्यार, कुणाजवळ नुसती भांडी. काही पेट्यांत दोघं एकत्र. एका पेटीत तिशीतला पुरुष आणि आठेक वर्षांची मुलगी होती, बहुधा बाप-लेक. शेजारच्या ४५ क्रमांकाच्या थडग्यात अशा छोट्या पेट्या ११ आहेत. पायथ्याजवळच्या संग्रहालयाच्या घुमटाखाली ४४ क्रमांकाचं पूर्ण आकाराचं आतलं दृश्य उभं केलंय, आणि तिथे मी बराच वेळ नुसता उभा होतो. सत्ता म्हणजे काय, हे त्या ३२ लहान चौकटींतून जितकं थेट कळतं तितकं मला कुठल्याही मुकुटातून कळलं नाही. या माणसांना घरातल्या कामांनुसार, दर्जानुसार जागा दिली होती. त्या राजाचं घर, त्याचा दरबार, त्याचे नोकर यांचा जणू आराखडाच जमिनीत राहिला आहे.

त्याच थडग्यात ओकिनावाच्या बाजूच्या समुद्रातल्या शंखाचा चमचा आणि बेकजेच्या धाटणीची काशाची वाटी मिळाली. डोंगराआडच्या या राज्याचे हात किती लांब पोचत होते ते यावरून कळतं. ४७९ मध्ये देगायाच्या राजाने चीनच्या दक्षिण छी दरबारात दूत पाठवून पदवीही मिळवली होती.

गोर्योंगच्या उणिवाही सांगायला हव्यात. थडगी फार लुटली गेली आहेत, ४४ची मधली खोलीसुद्धा. त्यामुळे मालकाकडे काय काय होतं याचं चित्र अर्धवट आहे, भोवतीच्या पेट्या मात्र त्या मानाने शाबूत राहिल्या. माती आम्लधर्मी, हाडं फारशी टिकत नाहीत. सोन्याचा मुकुट पाहायची इच्छा असेल तर तो इथे नाही. चढण आहे, उन्हाळ्यात दमायला होतं.

आणखी एक गोष्ट मला प्रामाणिकपणे ग्योंगजूच्या पारड्यात टाकावी लागते. इतकी माणसं राजासोबत पुरणारं देगाया ५६२ मध्ये सिल्लाकडून बुडालं. सिल्लात राजासोबत पाच पुरुष आणि पाच स्त्रिया पुरण्याची रीत होती, ती राजा जिजुंगने ५०२ मध्ये बंद केली, असं १२व्या शतकातला इतिहासग्रंथ नोंदवतो. पुढच्याच वर्षी देशाचं नाव सिल्ला असं ठरलं आणि राजाला चिनी धर्तीचं "वांग" हे बिरुद लागलं. ५२७ नंतर बौद्ध धर्माला राजमान्यता, आणि टेकाडं हळूहळू लहान होऊन शहराबाहेर डोंगराच्या कडेला सरकली. राज्याची घडी जसजशी बसत गेली तसतशी थडग्यावर सत्ता दाखवण्याची गरज कमी झाली, असं मला वाटतं. माणसं पुरणं हे बळाचं लक्षण दिसतं, पण ज्याची सत्ता कायद्यावर आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांवर उभी राहू लागली त्याला त्याची गरज उरली नाही. हा बदल समजायचा असेल तर सिल्लाच पाहायला हवी, गोर्योंग त्याआधीच थांबतं.

त्यामुळे राज्य कसं पक्कं झालं हा तुमचा प्रश्न असेल तर ग्योंगजू निवडा, आणि उद्यानापेक्षा राष्ट्रीय संग्रहालयाला जास्त वेळ द्या. राज्य पक्कं होण्याआधी माणसं एकमेकांच्या वर-खाली कशी रचली गेली होती, हा प्रश्न असेल तर गोर्योंगला जा. मला विचाराल तर दुसरा प्रश्न जास्त मूळचा आहे, म्हणून मी पुन्हा एकाच ठिकाणी जाऊ शकलो तर गोर्योंगलाच जाईन.

जाण्याबद्दल दोन शब्द. देगूच्या पश्चिमेकडच्या बसस्थानकावरून गोर्योंगची बस मिळते. आधी घुमटाखालचं ४४ क्रमांक पाहा, मग डोंगर चढा. उलट क्रमाने गेलं तर माथ्यावरची टेकाडं नुसती टेकाडंच वाटतात. आणि कुणाला ग्योंगजू टाळता येत नसेल, कारण सोबत घरचे असतात, त्यांना ते शहर आवडतं आणि आवडायलाच हवं, तर देरुंगवॉनच्या पूर्वेला जोकसेम नावाचा भाग आहे तिथे जा. घरं हटवून २००७ पासून तिथे शेकडो लहान-मोठी थडगी उकरली गेली आहेत. जोकसेमच्याही एका ४४ क्रमांकाच्या थडग्यावर छप्पर घालून त्याचं उत्खनन लोकांना पाहू दिलं गेलं. तिथे एक लहान मुलगी पुरली होती, दोनशेहून जास्त गोट्या असलेल्या पटखेळासह. ग्योंगजूत मला हवं होतं त्याच्या सर्वांत जवळचं काही असेल, तर ते हेच.