रेडिओ स्कॅनरचा ‘तयार सेट’ : डबा उघडल्यावर काय निघते

‘समुद्रावरचे बोलणे थेट ऐका, गावाचे स्वतःचे लाइव्ह चॅनेल सुरू करा. रेंज १०० किलोमीटर, परवान्यासह. १८,५०० रुपये, निम्मे आगाऊ.’ व्हॉट्सअ‍ॅपवरची रेडिओ स्कॅनरची (वायरलेसवरचे बोलणे पकडून ऐकवणारे यंत्र) ही जाहिरात वाचून होमस्टेवाले आणि बंदरावरची हौशी पोरे पैसे भरतात. हर्णैच्या बाजूला घेतलेला असा एक सेट तपासायला उघडला, तेव्हा जे निघाले ते इथे लिहितो आहोत. विकणाऱ्याचे नाव देत नाही. तो नंबर बंद झाला की नवा चालू होतो, त्यामुळे नावापेक्षा युक्त्या ओळखता येणे जास्त कामाचे.

डबा हाताला जड लागतो. झाकण काढले की कारण कळते : तळाला एक लोखंडी पट्टी चिकटवलेली आहे, तिचे दुसरे काही काम नाही. तिच्यावर कॉम्प्युटरवर टीव्ही बघण्यासाठी पूर्वी मिळायचा तसला प्लॅस्टिकचा डोंगल. त्यातली आरटीएल-२८३२यू चिप खरी आहे आणि अशा कामाला तीच वापरतात, पण तिच्या शेजारचा ट्यूनर, म्हणजे फ्रिक्वेन्सी निवडणारी चिप, एफसी-००१२ जातीचा. तो साधारण ९५० मेगाहर्ट्झच्या वर जात नाही. जाहिरातीत मात्र ‘१७०० मेगाहर्ट्झपर्यंत’ लिहिले होते. ते आर-८२०टी२ किंवा आर-८६० ट्यूनरला लागू पडते. वरच्या स्टिकरवर किंवा यूएसबीच्या नावावर विश्वास ठेवू नका, ते नाव डोंगलच्या मेमरीत कोणीही बदलून लिहू शकतो. लॅपटॉपला लावून ‘आरटीएल-टेस्ट’ हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवला की ट्यूनरचे खरे नाव पहिल्या काही ओळींतच येते.

दुसरी लबाडी क्रिस्टलची, म्हणजे फ्रिक्वेन्सी नेमकी धरून ठेवणाऱ्या भागाची. चांगल्या डोंगलमध्ये तापमान सांभाळणारा टीसीएक्सओ जातीचा क्रिस्टल असतो, चूक १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) आसपास. साध्या क्रिस्टलची चूक ५०-६० पीपीएमसुद्धा निघते. बंदरातला आणीबाणीचा चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. तिथे १ पीपीएम म्हणजे १५७ हर्ट्झ, कानाला कळणारसुद्धा नाही. ६० पीपीएम म्हणजे सुमारे ९.४ किलोहर्ट्झ, आणि चॅनेलची रुंदीच २५ किलोहर्ट्झ. आवाज फाटतो, शेजारच्या चॅनेलची खरखर आत येते. त्यात पत्र्याखाली डबा तापला की चूक आणखी सरकते, म्हणून सकाळी जुळवलेले दुपारी बिघडते आणि विकणारा सांगतो, ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.’ ‘आरटीएल-टेस्ट’ला पीपीएम मोजायला सांगून पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवा, आकडा डोळ्यांसमोर येईल.

अँटेना पाहण्यासारखा होता. पांढरा, मीटरभर लांब, बोटीवर शोभेल असा. वरची टोपी एमसीलने बसवलेली. ती फोडली तर पीव्हीसी पाइपच्या आत चौदा सेंटिमीटरची एक तार! खालचा बाकीचा पाइप रिकामा. मरीन बँडला (बोटींच्या रेडिओचा पट्टा) पाव लहरीची, म्हणजे लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाएवढी, तार साधारण ४५ सेंटिमीटर लागते, अर्ध्या लहरीचा डायपोल ९० सेंटिमीटर. ‘६ डीबी गेन’ (सिग्नल पकडण्याची वाढीव ताकद) लिहिलेला मरीन अँटेना साधारण अडीच मीटर लांब असतो. हातभर नळीवर ६ डीबी छापलेले दिसले की पुढची बोलणीच नको. ‘स्टेनलेस’ म्हटलेल्या क्लॅम्पला लोहचुंबक लावून बघा. चांगले ३०४ स्टील चुंबकाकडे जवळजवळ ओढले जात नाही. मुलामा दिलेले लोखंड खटकन चिकटते, आणि खाऱ्या वाऱ्यात एक पावसाळा काढला की त्याचा नुसता गंज उरतो.

केबलवर ‘एलएमआर-४००’ (जाड, कमी सिग्नल खाणारी केबल) छापले होते. त्या केबलचा बाहेरचा व्यास १०.३ मिलिमीटर असतो. हिचा भरला पाच, म्हणजे फार तर आरजी-५८ ही पातळ केबल. या बँडला आरजी-५८ मध्ये १०० मीटरला २० डीबीच्या आसपास सिग्नल मरतो. माडाच्या उंचीचा खांब आणि तिथून घरात, अशी २५ मीटर केबल धरली तर ५ डीबी गेले, म्हणजे तीनात दोन भाग सिग्नल वाटेतच संपला. गंमत म्हणजे नुसते ऐकायला डिश टीव्हीची आरजी-६ केबल यापेक्षा बरी, कोणत्याही बाजारपेठेत मिळते आणि स्वस्त पडते. ती ७५ ओहमची असली तरी ऐकण्यात त्याने जवळपास काही फरक पडत नाही.

आता ती १०० किलोमीटरची रेंज. व्हीएचएफ, म्हणजे मरीन बँडच्या लहरी, जवळपास सरळ रेषेत चालतात. अँटेनाच्या उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, बोटीच्या अँटेनाचेही तसेच काढून त्यात मिळवा. १० मीटर खांब आणि ३ मीटरवर बोटीचा अँटेना, बेरीज २० किलोमीटर. सड्यावर, १०० मीटर उंचीवर तोच अँटेना नेला तर ४८. खाडीच्या आत डोंगराआड घर असेल तर समोरच्या जेटीशिवाय काही येणार नाही, मग डबा कितीही महागाचा असो. तरीही विकणाऱ्याच्या व्हिडिओत दूरच्या बोटी ऐकू येतात, आणि तो व्हिडिओ खोटा असेलच असे नाही. पावसाच्या आधीच्या दिवसांत, विशेषतः संध्याकाळी, समुद्रावर खाली दमट, वर कोरडी गरम हवा असे थर बसतात. लहर त्यांत अडकून शेकडो किलोमीटर जाते. मे महिन्यात काढलेला तो व्हिडिओ मृग लागल्यावर तुमच्या अंगणात खरा ठरत नाही.

स्ट्रीमच्या, म्हणजे ते बोलणे इंटरनेटवर थेट ऐकवण्याच्या, नावाखाली काढलेले पैसे तर सरळ हवेतले. त्या बिलात ‘स्टॅटिक आयपी’ (न बदलणारा इंटरनेट पत्ता) ३,००० रुपये होते. डबा स्वतःहून बाहेरच्या आइसकास्ट (आवाज थेट वाटणारे सॉफ्टवेअर) सर्व्हरला जोडणी करतो, त्यामुळे घरी साधे मोबाइलचे नेट असले तरी चालते, स्टॅटिक आयपी लागतच नाही. ‘१०० जीबीचा खास डेटा प्लॅन’ही तसाच. बोलण्यासाठी मोनो १६ केबीपीएस पुरते : तासाला ७.२ एमबी, महिन्याला सव्वापाच जीबी. बारीकसारीक बोलणे स्पष्ट हवे म्हणून दुप्पट ठेवले तरी साडेदहा. या कामाचे ‘आरटीएल-एसडीआर एअरबँड’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आइसकास्टही फुकट. ‘लाइफटाइम लायसन्स की’ कशाची विकतात, ते तेच जाणोत.

डब्यातले ६४ जीबीचे मेमरी कार्ड ‘एफ-३’ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने तपासले, तर ८ जीबीनंतर लिहिलेले गायब. अशा कार्डावर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सगळे छान चालते. नंतर पावसात चार वेळा लाइट गेली की रास्पबेरी पाय (डब्यातला छोटा कॉम्प्युटर) चालू होत नाही आणि दोष महावितरणावर जातो. अडॅप्टरही बघाच. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, मोबाइलचा जुना चार्जर पुरत नाही. पायवर ‘व्हीसीजेनकमांड गेट-थ्रॉटल्ड’ या आज्ञेने शून्य दाखवले तर वीज पुरते आहे, ०x५०००५ दाखवले तर आत्ताही व्होल्टेज कमी पडते आहे.

दुकानात डेमो ऐकवतात त्याची परीक्षा सोपी. चालू असताना अँटेना काढायला सांगा. काही सेकंदांनंतरही बोलणे पहिल्यासारखेच स्पष्ट चालू राहिले तर ते बहुधा रेकॉर्डिंग आहे. नाहीतर डब्यावर जवळचे आकाशवाणीचे एफएम लावायला सांगा आणि शेजारी साधा रेडिओ ठेवा. स्ट्रीम काही सेकंद मागे राहणारच, पण गाणे तेच हवे. ‘पोलिसांचे एन्क्रिप्टेडही उघडतो’ असे कोणी म्हणाले तर डेमोची वाटही बघू नका. एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूप लावलेले बोलणे, त्याची किल्ली नसेल तर ते कोणत्याच स्कॅनरला उघडत नाही. अमेरिकेच्या ‘एनओएए उपग्रहांची हवामान चित्रे’ म्हणून जोडीला विकतात तो माल आता मेलेला : १३७ मेगाहर्ट्झवर चित्रे पाठवणारे ते उरलेले तीन उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले.

सगळ्यात महागात पडते ते ‘परवान्यासह’. सोबतच्या कागदावर ‘डब्ल्यूपीसी अप्रूव्हड’ एवढेच होते. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा उपकरणाला मान्यता देते, ती त्या बनावटीच्या यंत्राला असते. दुसऱ्यांचे बोलणे ऐकून इंटरनेटवर टाकायची मुभा त्यातून मिळत नाही, आणि तशी मुभा दुकानदार देऊच शकत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात संदेश बेकायदा पकडण्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. म्हणून बंदर, बोटी, विमानतळ, पोलीस यांचे बोलणे लेखी परवानगीशिवाय स्ट्रीमवर चढवू नका. फसवणारे नेमकी हीच भीती पुढे वापरतात. हर्णैच्या त्या घेणाऱ्याला दीड महिन्याने ‘वायरलेस इन्स्पेक्टर’चा फोन आला : तुमचा स्ट्रीम पकडला आहे, व्हिडिओ कॉलवर राहा, ४०,००० भरा, नाहीतर डिजिटल अरेस्ट. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. फोन ठेवायचा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला तक्रार द्यायची, जितकी लवकर तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. पैसे यूपीआयने गेले असतील तर व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा.

खराब मालासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे जीएसटीचे बिल, चॅटचे स्क्रीनशॉट आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ उपयोगी पडतो. हा व्हिडिओ कुरिअरवाल्याच्या समोर, पट्टी न कापलेल्या खोक्यापासून सुरू करा आणि डोंगलचा ट्यूनर, केबलचा व्यास, अँटेनाची टोपी एकाच सलग चित्रणात येऊ द्या. टोपी फोडायची असेल तर आधी अँटेनाची लांबी टेपने मोजून दाखवा. नंतर फोडलेला माल ‘ग्राहकानेच मोडला’ म्हणून परत घेत नाहीत.