हॉलो नाइट: सात महिने वाट चुकल्यानंतर

हा व्हिडिओ गेम दिवाळीच्या सेलमध्ये घेतला, आता मे संपत आलाय. पहिले दोन दिवस तर पैसे परत मिळतात का तेच बघत होते. गेम वाईट म्हणून नाही. आपण कुठे आहोत हेच कळत नव्हतं म्हणून.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडला टीम चेरी नावाचा अगदी छोटा चमू आहे, त्यांनी २०१७ मध्ये हा गेम काढला. बाजूने दिसणारं, हाताने चितारलेलं किड्यांचं राज्य, हॅलोनेस्ट. लेव्हल एक, लेव्हल दोन असला प्रकार नाही. सगळं राज्य एकमेकांत गुंतलेलं आहे आणि कुठे आधी जायचं ते कुणी सांगत नाही. बाण नाही, ‘पुढचं काम’ नाही. आणि नकाशा? तो विकत घ्यावा लागतो.

म्हणजे कसं, तर कॉर्निफर नावाचा एक जाडा नकाशावाला बहुतेक प्रदेशांत कुठेतरी बसलेला असतो. वाटेवर कागद पडलेले दिसले आणि गुणगुणणं ऐकू आलं की समजायचं, जवळच आहे. फरगॉटन क्रॉसरोड्सचा नकाशा त्याच्याकडे ४० जिओला मिळतो (जिओ म्हणजे तिथलं चलन). पण तो अर्धवट कच्चा असतो. आपण फिरलेल्या खोल्या त्यात चढायला हव्या असतील, तर वर डर्टमाउथ गावात त्याची बायको इसेल्डा दुकान चालवते, तिच्याकडून १२० जिओची लेखणी घ्यायची. बरं, लेखणी घेतली तरी नकाशा भरतो तो बेंचवर, म्हणजे विसाव्याच्या बाकावर, बसल्यावरच. आणि नकाशात ‘मी इथे आहे’ असं दिसायला २२० जिओचा वेवर्ड कंपास लागतो. तो घेऊन भागत नाही, चार्म म्हणून, म्हणजे ताईतासारखा, अंगावर लावावा लागतो आणि एक नॉच, म्हणजे चार्म लावायची जागा, अडवतो. सुरुवातीला नॉच असतात फक्त तीन! म्हणजे स्वतःचा ठावठिकाणा हवा असेल तर तिसरा हिस्सा ताकद सोडा. मी हे ऐकून चिडले होते. आता वाटतं, अख्ख्या गेममधला सगळ्यात हुशार निर्णय हाच आहे.

कारण कंपास लावलेला असताना मी खेळत नव्हते, नकाशा बघत होते. बटण दाबून ठेवलं की नकाशा उघडतो आणि चालताही येतं, त्यामुळे मी कागदावरच्या त्या छोट्या ठिपक्याला चालवायचे आणि समोरून किडा येऊन आदळायचा. गेम काही थांबत नाही ना.

माझा नऊ वर्षांचा भाचा शनिवार-रविवार येतो आणि शेजारी बसून बघतो. फेब्रुवारीत तो म्हणाला, “मावशी, तू त्या डावीकडच्या भोकातून गेलीच नाहीस अजून.” कुठलं भोक? तर ग्रीनपाथ नावाच्या प्रदेशात मी दहा वेळा ओलांडलेलं. त्याला ते लक्षात होतं कारण त्याची नजर चित्रावर होती, माझी नकाशावर. त्या दिवशी कंपास काढला तो आजतागायत लावलेला नाही.

त्यानंतर ध्यानात आलं की वाटा सांगायची सगळी सोय गेमने चित्रात आणि आवाजात करून ठेवलीय. ग्रीनपाथ शेवाळी हिरवं, क्रिस्टल पीक गुलाबी आणि सतत यंत्रांची घरघर, फॉग कॅनियनमध्ये बुडबुडे, सिटी ऑफ टीअर्समध्ये निळ्या काचांवर न थांबणारा पाऊस. क्रिस्टोफर लार्किनचं संगीत प्रदेश बदलला की बदलतं, त्यामुळे खाली पडता पडताच कळतं की आपण भलतीकडे आलो. भिंतीला बारीक तडा दिसला तर दोन वार करून बघायचे. बरणीत अडकलेल्या अळ्या, ज्यांना ग्रब म्हणतात, त्या रडतात, आणि ते रडणं भिंतीपलीकडूनही येतं.

अडलेल्या वाटांचंही तसंच. उंच कठडा, आम्लाचं तळं, काळोख हे सगळं पहिल्या काही तासांत दिसतं आणि ‘आत्ता नाही’ एवढंच कळतं. मग डॅश, म्हणजे झपकन पुढे झेपावणं, मिळतो, मँटिस क्लॉ मिळाल्यावर भिंतीवरून चढता येतं, मॉनर्क विंग्जने हवेत दुसरी उडी, आयझ्माज टीअरने आम्लात पोहता येतं. दर वेळी डोक्यात यादी सुरू होते, अरे, त्या तिथे आता जाता येईल. पण यादी डोक्यात राहत नाही हे खरं. इसेल्डाकडे नकाशावर लावायच्या खुणा मिळतात, त्या लवकर घ्या. मी उशिरा घेतल्या आणि वहीत बाण काढत बसले.

डीपनेस्ट या प्रदेशाबद्दल वेगळं सांगायला हवं. मँटिस लॉर्ड्स या वाट अडवणाऱ्या शत्रूंना हरवलं की खालचा रस्ता उघडतो आणि मी ऐटीत उतरले. अंधार, अरुंद बोळ, भिंतीआड काहीतरी सरपटतंय, नकाशा नाही, बेंच नाही, आणि खिशात दीडेक हजार जिओ. मेलात की जिओ तिथेच, मागे उरलेल्या तुमच्या सावलीपाशी राहतात. तिथे पोचायच्या आत पुन्हा मेलात तर गेले. मी दोनदा मेले. त्या रात्री हेडफोन काढून ठेवले. कंदील १८०० जिओला मिळतो, तो घेऊनच उतरा असं सांगेन, पण न घेता उतरलेली ती रात्रच मला सात महिन्यांतली सगळ्यात जास्त आठवते, आता काय करायचं.

सावली परत आणून देणारी एक म्हातारी गावात आहे, जीजी. नाव ऐकून मला आपल्याकडचीच कुणी वाटली. नासकं अंडं घेते आणि काम करते. पण तिच्या झोपडीला किल्ली लागते आणि तशा साध्या किल्ल्या अख्ख्या गेममध्ये चारच.

तक्रारी आहेत. काही बॉसपर्यंतचा, म्हणजे मोठ्या शत्रूंपर्यंतचा, रस्ता उगाच लांब आहे. सोल मास्टरशी हरल्यावर दर वेळी तो सगळा चढ पुन्हा चढायचा, यात शोध वगैरे काही नाही, नुसती पायपीट. स्टॅग म्हणजे पाठीवरून लांब नेणारा मोठा किडा, त्याची स्थानकंही अशा कोपऱ्यांत आहेत की शेवटची दहा मिनिटं चालणं आलंच. व्हाइट पॅलेसमधल्या फिरत्या करवती मला झेपल्या नाहीत, तीन आठवडे गेले त्यात.

कंट्रोलरचंही सांगते. चौथ्या महिन्यात माझ्या कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप सरकायला लागली. दुकानदाराने हात वर केले. नाइलाजाने डी-पॅडवर, म्हणजे चार दिशांच्या बटणांवर, आले आणि तेव्हा कळलं की खाली वार करून काट्यांवरून उसळी घ्यायची असेल तर डी-पॅडच बरा. स्टिकवर घाईत अंगठा तिरका पडतो, वार बाजूला जातो आणि आपण काट्यांत. करवती शेवटी पार झाल्या त्या यामुळेच. जुन्या लॅपटॉपवर गेम छान चालतो, कुठे अडकला नाही.

याचा पुढचा भाग सिल्कसाँग सप्टेंबर २०२५ मध्ये आला, घेऊनही ठेवलाय, पण उघडलेला नाही. कारण इथे ४६ पैकी ४१ ग्रब झालेत. राहिलेल्या पाचांतले तीन टॉवर ऑफ लव्हमध्ये आहेत हे मला माहीत आहे, किल्लीही हातात आहे. पण त्याच टॉवरमध्ये सगळे ग्रब दाखवणारा नकाशा मिळतो. म्हणून भाच्याने सध्या तिकडे जायला बंदी घातलीय. बाकीचे दोन आधी कानांनी शोधायचे. काल रात्री रॉयल वॉटरवेजमध्ये त्याला एक ऐकू आल्यासारखा वाटला. मला नाही आला.