चोक साफ करून देण्याच्या नावाखाली १२,९५० रुपयांची फसवणूक

शॉटगनचे चोक, म्हणजे छऱ्यांचा फैलाव ठरवायला बंदुकीच्या नळीच्या तोंडात आट्यांनी बसवायचे पोकळ तुकडे, घरच्या घरी साफ होतात हे मला पूर्वीपासून ठाऊक आहे, त्यामुळे एवढ्यासाठी पैसे का दिले, असे कृपया कोणी विचारू नये. माझ्या तीनही चोकांत वितळलेल्या वॉडचे (काडतुसात छऱ्यांना धरणाऱ्या वाटीचे) प्लास्टिक आणि शिसे यांचा थर इतका घट्ट बसला होता की ब्राँझच्या ब्रशलाही तो दाद देत नव्हता, आणि नेमकी तेव्हाच अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी मळ सुटा करणाऱ्या) यंत्रात धुऊन आतून कायमचा लेप देण्याची जाहिरात समोर आली. चोक रात्रभर सॉल्व्हंटमध्ये बुडवून ठेवायला हवे होते, हे आता सगळेच सांगतात.

चोक जाहिरातदाराकडे पाठवले. त्याला आधी ३,६०० रुपये सेवेचे, मग १,८५० रुपये ‘माप तपासणी’चे आणि शेवटी ७,५०० रुपये अनामत म्हणून गेले. परत मिळणारी अनामत मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

दुसरी रक्कम मागताना त्याने माझेच चोक म्हणून एक लखलखीत छायाचित्र पाठवले होते. माझ्या चोकांना आटे मागच्या टोकाला आहेत. छायाचित्रातल्या चोकांचे आटे तोंडाकडच्या टोकाला होते. कडेवरची एक खाच, म्हणजे हा फुल (सर्वात अरुंद) चोक, एवढे मी बारकाईने पाहिले, पण आट्यांकडे नजर गेली नाही. चित्र लहान होते, चकाकी डोळ्यांत भरणारी होती, आणि आटे तपासायचे सुचायला समोरचा माणूस चोर आहे अशी शंका आधी यावी लागते. त्याच संदेशात ‘आता आट्यांना ग्रीस लावू नका’ असेही लिहिले होते. कोरड्या आट्यांत काजळी आणि ओल शिरली की चोक नळीतच जाम होतो, हे या कामातल्या कोणालाही ठाऊक असते. तो संदेश वाचूनही मी पैसे पाठवले, याचीच आज सर्वाधिक चीड येते.

पार्सलमधून भलतेच चोक आले आणि ते नळीच्या तोंडाशीच अडले. असे चोक जोर लावून बसवू नयेत, आणि चोक नाही म्हणून तसाच बारही काढू नये, कारण त्याने नळीतल्या उघड्या आट्यांची नासाडी होते.

पोलीस ठाण्यात तक्रारीआधी माझ्या परवान्याचीच चौकशी झाली, जणू आरोपी मीच होतो. तिथून सायबर विभागाकडे पाठवले, सायबर विभागाने रक्कम लहान असल्याचे सांगून परत ठाण्याकडे पाठवले, आणि ‘चोक म्हणजे शस्त्र की सुटा भाग’ यावर दोन अधिकाऱ्यांनी माझ्यासमोर वाद घातला. तोवर ज्या खात्यात पैसे गेले ते रिकामे झाले होते. बँकेने तर मी स्वतःहून पैसे पाठवल्याने जबाबदारी माझीच, असे लेखी कळवून हात झटकले. तक्रार क्रमांक मिळाला, तपास अधिकाऱ्याचे नाव अजून कोणी सांगत नाही.

याच माणसाला चोक पाठवले असतील तर पार्सलचे वेष्टन फेकू नका, संदेश पुसू नका आणि आलेले चोक साफही करू नका. ठाण्यात ते मिळाले तसेच दाखवावे लागतात.